दोन हत्ती, बाकी पायदळ

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या शोकेसमधून दरवर्षी एकच वस्तू टाकून द्यायला निघते आणि दरवर्षी परत जागेवर जाते. अंगठ्याएवढा लाकडी माणूस आहे. गाडीच्या चाकाला टेकून झोपलेला, पोट सुटलेलं, तोंड उघडं, डोक्याखाली गाठोडं. शोभा, म्हणजे आमची मंडळी, फडका थांबवून विचारते, "याचं काय करू?"

"राहू दे."

"घरात एक निजून असते, तो पुरे नाई का?"

तो लाकडी माणूस मीच आहे. हे माझं म्हणणं नाही. माझे साडभाऊ, शोभाच्या थोरल्या बहिणीचे यजमान दिवाकरभाऊ, यांनी मला समोर उभा करून, पोटाकडे बोट दाखवून तो करवून घेतला होता. ज्या फौजेतून त्यांनी तो मला काढून दिला, त्या फौजेत त्याची किंमत शून्य होती. हेही त्यांनीच सांगितलं.

भाऊंना जाऊन दोन वर्षं झाली. पण भाऊ आठवायचे म्हटलं तरी मला बसल्या जागी आठवता येत नाहीत. उठून दोन फेऱ्या माराव्या लागतात, कारण त्या माणसाला मी कधी बसलेलं पाहिलंच नाही. कुरखेड्याला पाटबंधारे खात्यात त्यांची नोकरी कालव्यावरची. तीस वर्षं ते पाण्याच्या कडेकडेनं चालले. निवृत्तीनंतर कालवा राहिला तिकडे, चाल मात्र यांच्याबरोबर घरी आली. चहा बशीत ओतून ओसरीभर फिरत प्यायचे. एसटीत जागा रिकामी असली तरी दांडा धरून उभे. चंद्रपूरला आमच्याकडे आले की पाण्याचा पेला हातात यायच्या आत कॅलेंडर सरळ करायचे, नळ पिळून बघायचे आणि मागल्या दारी जाऊन विचारायचे, "विनोदभाऊ, ही नाली कुठी जाते?"

मी त्या घरात अठरा वर्षं राहतो. नाली कुठे जाते हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आताही नाही.

"बसा ना भाऊ, घटकाभर."

"बसलं का गंज लागते."

सुनंदाताई, म्हणजे शोभाची ती थोरली बहीण, गेल्या तेव्हा तर ते तेरा दिवस चालतच होते. ताईंचं एक होतं, त्या दोन माणसांच्या मधलं बोलणं वाहतं ठेवायच्या. भाऊ आणि त्यांची एकुलती लेक मंजू, हे दोघं कधी थेट बोललेच नव्हते. मंजू पुण्याहून आईशी बोलायची, आई भाऊंना सांगायची, भाऊ आईला सांगायचे, आई मंजूला. मधलं माणूस गेलं आणि दोघांना समजलं की आपल्याला एकमेकांशी बोलता येत नाही. भाऊ चालता चालता फोन स्पीकरवर ठेवायचे, म्हणून तो संवाद मी कितीदा ऐकला आहे.

"जेवले का बाबा?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

"पाऊस?"

"नाही. तिकडे?"

"नाई."

मग कोणी तरी "ठेवू?" म्हणेपर्यंत भाऊंच्या चपलांचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

त्या वर्षी दिवाळीला मंजू आली तेव्हा तिच्या पिशवीत एक जाडजूड नियमांचं पुस्तक आणि मोजपट्टी होती. पुण्यात ती आणि तिच्या ऑफिसातली माणसं रविवारी टेबलावर लढाई खेळत. मोठं टेबल, त्यावर डोंगर, नद्या, झाडं मांडायची. आपापली फौज आणायची, बोटाएवढ्या सैनिकांची. पट्टीनं इंच मोजून ती पुढे सरकवायची, आणि कोण मेला कोण जगला ते फासा ठरवणार. मला वाटलं, तिशी ओलांडलेली, कमावती पोरगी बाहुल्या खेळते, आता भाऊ काही तरी बोलतील. भाऊंनी मोजपट्टी उचलली, खेचून बघितली, सोडली. "इंचात मोजतेत का?" एवढंच विचारलं. जन्मभर कालव्याचं पाणी इंचात मोजलेला माणूस. तिथेच सगळं ठरलं.

मंजूनं त्यांना समजावलं ते मी पण ऐकलं. प्रत्येक सैनिकाला गुण असतात. हत्तीला एकशेवीस, स्वाराला कमी, तिरंदाजाला आणखी कमी. दोघांनाही हजार गुण मिळतात, त्यात बसेल ती फौज घ्यायची.

"पण बाबा, नुसती बेरीज जुळून चालत नाही. फौज एका मुलखातली वाटली पाहिजे. आणि तिच्यात सगळ्या कामाची माणसं पाहिजेत. अडवणारी, धावणारी, लांबून मारणारी."

"तुही कोणती हाये?"

"माझी उत्तरेकडची. घोडेस्वार जास्त."

"मंग मी चांद्याच्या गोंड राजाची घेतो."

आणि भाऊंनी हजार गुणांत आठ हत्ती घेतले. उरलेल्या चाळीसात एक नगारा. सुपाऱ्या म्हणजे हत्ती, चिंचोके म्हणजे मंजूचे घोडे, असा पहिला डाव ओसरीवर झाला. चिंचोक्यांनी सुपाऱ्यांना लांबूनच गोल घेरलं आणि पंधरा मिनिटांत भाऊंची फौज संपली. नगारा तेवढा उरला. भाऊ चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे गेले. म्हणाले, "नगारेवाल्यानं काम चोख केलं."

मंजू हसली. ताई गेल्यावर त्या घरात कोणी हसल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर आमच्या घरचा फोन वेळी-अवेळी वाजायला लागला. मी शाळेत गणित शिकवतो. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच माझं पोट आहे, आणि ते बरं भरतं हे वर आलंच आहे. त्यामुळे भाऊ मंजूला फौजेची यादी पाठवायच्या आधी मला वाचून दाखवायचे. हातात घास असायचा आणि तिकडून आवाज यायचा, "विनोदभाऊ, तीन घोडे काढले. भालेवाले टाकले." अर्ध्या तासानं पुन्हा, "घोडे परत घेतले. करमून नाई राह्यलं त्याईच्याबिगर."

शोभा म्हणायची, "भाऊजीला सांगा, पोळी थंडी होऊन राह्यली."

मी सांगायचो. भाऊ म्हणायचे, "हाव, हाव, जेवा तुमी. मले फक्त येवढं सांगा, हत्तीच्या मागं तिरंदाज उभे केले तर त्याईले दिसन का?"

हत्ती करायचे ठरले ते कुरखेड्याच्या गफूरचाचांकडून. गफूरचाचा सुतार, पण त्यांचं नाव तान्ह्या पोळ्याच्या नंद्यांसाठी. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. त्या भागातल्या तीन पिढ्यांनी गफूरचाचांच्या घराण्याचे नंदी ओढले आहेत. भाऊ त्यांच्याकडे शिवणीचं लाकूड घेऊन गेले आणि महिनाभर त्यांच्या दुकानात रंध्याभोवती फेऱ्या मारत राहिले. मी गेलो तेव्हा बाकावर आठ हत्ती वाळत होते. जवळून बघितले तर आठही बैल. वशिंड, गळ्याखालची पोळी, सगळं जागच्या जागी, फक्त तोंडाला सोंड चिकटवलेली.

भाऊंनी एक उचलून उलटासुलटा करून पाहिला. गफूरचाचा लाकडाचा भुसा झटकत म्हणाले, "पाह्य दिवाकर, उभ्या जन्मात मी बैलच केले. सोंड लावता येते. हत्ती कुठून आणू?"

"वशिंड तरी काढा ना चाचा."

"हात थांबतच नाई तिथी."

भाऊंनी ते आठही नेले. नंतर कोणी नावं ठेवली की म्हणायचे, "आमच्याइथचे हत्ती असेच राह्यते."

पण अडचण हत्तींच्या रूपाची नव्हती, संख्येची होती. मंजू फोनवर रोज सांगत होती, हत्ती कमी करा. भाऊंना ते पटत नव्हतं. राजाची फौज म्हणजे हत्ती. शेवटी म्हणाले, त्या राजाचा किल्ला पाहून ठरवतो. आणि मे महिन्यात, बारा वाजता, चंद्रपुरात, म्हणजे जुन्या चांद्यात, आले. आमच्या गावचं ऊन काय असतं हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. त्या वेळी कुत्रंसुद्धा नालीत बसून असतं, ती नाली कुठे का जाईना. भाऊंनी मला पायीपायी किल्ल्याचा जटपुरा दरवाजा दाखवायला लावला, तिथून पठाणपुरा. पुढे ते, मागे डोक्यावर ओला पंचा आणि हातात छत्री घेऊन मी.

पठाणपुरा दरवाजाखाली भाऊ थांबले. दगडात एक सिंहासारखं जनावर कोरलेलं आहे आणि त्याच्या पंजाखाली हत्ती. मी त्या दरवाजातून हजार वेळा गेलो असेन, मान वर केली नव्हती. भाऊ बराच वेळ बघत राहिले. म्हणजे उभे राहून. त्यांच्यासाठी ते पुष्कळच झालं.

"विनोदभाऊ, हत्ती खालती हाये."

"हो."

"म्हणजे हत्ती दुसऱ्याचा. आमचा राजा हत्तीले दाबून राह्यला." मग बोटं मोजत स्वतःशीच, "आमची फौज जंगलातली. झाडामागून तीर मारन, बांबूत लपन. हत्ती दोनच. बाकी पायदळ."

"चला आता, भाऊ. मी पडतो."

"पडा. तुमचं काम तेच हाये." आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसे गफूरचाचा लाकडाकडे बघायचे. पुढल्या आठवड्यात त्या झोपलेल्या गाडीवानाचा जन्म झाला.

म्हणजे असं झालं, की उरलेल्या सहा हत्तींची पोरांसाठी नंद्यांत बदली झाली, सोंडा काढून. आणि भाऊंच्या फौजेत माणसं यायला लागली. तिरंदाज कुरखेड्याच्या पोस्टमनच्या चेहऱ्याचा. भालेवाल्यांचा नाईक गफूरचाचा, दाढीसकट. पाणी पाजणारी एक बाई होती, कमरेवर घागर, पदर खोचलेला. तिला कोणाचा चेहरा दिला हे भाऊ बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. शोभानं ती हातात घेतली आणि लवकर ठेवली नाही. मंजू म्हणाली, बाबा, पाणीवाली, स्वयंपाकी, गाडीवान यांना नियमात गुणच नाहीत, शून्य. भाऊ म्हणाले, "बिनपाण्याची फौज कुठी जाते? असू दे."

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगायला हवी, कारण ती टाळता येत नाही.

भाऊंच्या यादीत दर वेळी एक चूक असायची. कधी बेरीज हजाराच्या वर चाळीस. कधी तिरंदाज आहेत आणि त्यांचा नाईकच नाही. मी सांगायचो, ते "हाव का?" म्हणायचे, आणि तीच यादी तशीच मंजूला पाठवायचे. मग मंजूचा फोन. "बाबा, हे जमत नाहीये." पाऊण पाऊण तास बोलणं चालायचं. आधी चूक, मग उपाय, मग ऑफिस, मग तिची खोकल्याची गोळी, मग पुण्यातलं पाणी किती दिवसाआड. जूनमध्ये मंजूला जर्मनीची नोकरी लागली. पोळ्यानंतर निघायचं होतं. तान्ह्या पोळ्याला घरी यायचं आणि बापलेकीनं एक खरा डाव खेळायचा, असं ठरलं.

मला वाटलं, वेळ थोडा उरलाय, म्हाताऱ्याला मदत करावी. रविवारी बसून मी भाऊंची यादी तपासली, चाळीस गुण कापले, नाईक घातला, आणि परस्पर मंजूला पाठवून दिली. वर लिहिलं, बाबांची अंतिम यादी. पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं, अंगठा वर केलेला, "एकदम परफेक्ट."

मी शोभाला म्हणालो, "याला म्हणतात गणित."

त्या आठवड्यात मंजूचा फोन भाऊंना दोनदाच गेला. जेवले का. जेवलो. पाऊस? आहे. ठेवू? आठव्या दिवशी सकाळी दार वाजलं. पहिल्या एसटीनं भाऊ आले होते. चपलेवर चिखल. आत आले, कॅलेंडर सरळ केलं नाही, नळ बघितला नाही. आमच्या बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिले.

"यादी तुमी धाडली?"

"हो, चूक होती त्यात. चाळीस गुण—"

"मले माहीत हाये किती होते." ते थांबले. "तीस वर्षं मी पाण्याचे इंच जुळवले, विनोदभाऊ. मले हजाराची बेरीज येत नाई का?"

भाऊंनी वळून आणखी एक फेरी मारली.

"यादी बरोबर निघाली तर पोरगी मले काय म्हणून फोन करन?"

आतून शोभा चहा घेऊन आली होती. ती दारातच उभी राहिली. मी आयुष्यात पुष्कळ गणितं चुकवली आहेत, फळ्यावर, पोरांसमोर. पण उत्तर बरोबर येऊन चुकलेलं ते एकच.

भाऊंनी बशीत चहा ओतला, चालत प्यायले आणि जाता जाता म्हणाले, "आजच दोन घोडे वाढवतो. म्हणन, बाबाले सुधरतच नाई." दुपारी कुरखेड्याला पोचायच्या आतच त्यांनी यादी पाठवली असणार. संध्याकाळी शोभानं फोन लावला, तर तो तासभर व्यस्त होता.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आम्ही कुरखेड्याला गेलो. ओसरीत दोन टेबलं जोडून भाऊंनी मुलूख मांडला होता. बांबूच्या काड्यांचं बेट, सागाच्या वाळक्या पानांचं रान, आणि मधोमध धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, खरी माती चोपून, मधून दोऱ्याएवढा कालवा. मंजूनं घोडेस्वार मांडले. चकचकीत, दुकानातून आणलेले. समोर गफूरचाचांचे दोन वशिंडवाले हत्ती आणि रानात अर्धवट दिसणारं पायदळ.

मंजूनं पहिल्याच फटक्यात सगळे घोडे पुढे सोडले. ते बांधीत शिरले.

"रोवणी झालेली बांधी हाये ती," भाऊ म्हणाले. "पुस्तकात पाह्य, चिखलात घोडा किती चालते."

मंजूनं पान उलटलं. "अर्धा. बाबा, हे तुम्ही मुद्दाम केलं."

"मी काय केलं? कालवा सरकारचा हाये."

बाहेर पोरं नंदी घेऊन येत होती, बोजारा, म्हणजे नंदीच्या ओवाळणीचे पैसे, घेऊन जात होती. शेजारची एक लहान पोरगी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी राहिली आणि तिनं विचारलं, "आबाजी, तुमच्या नंदीले सोंड काऊन आली?"

"म्हातारा झाला ना तो," भाऊ म्हणाले.

डाव दुपारभर चालला. भाऊ टेबलाभोवती फिरत होते, मंजूही उठून फिरायला लागली. ती पण तशीच आहे हे मी तेव्हा पाहिलं, बशीतला चहासुद्धा फिरत पिते. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला मंजूचा सेनापती बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एकटा उरला आणि भाऊंचे तिरंदाज बांबूतून बाहेर आले. एक फासा. चार किंवा वर पडले की डाव भाऊंचा.

भाऊंनी फासा उचलला. मुठीत हलवला. मग खिशात टाकला.

"टाका ना बाबा."

"राहू दे. मले विचार करू दे."

"यात विचार कसला? फासाच तर टाकायचाय."

"तरी."

मंजू त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. तुमची पाळी आहे, लक्षात ठेवा."

दुसऱ्या दिवशी वडशाच्या स्टेशनवर मी तिची बॅग धरून उभा होतो. भाऊ फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन परत येत होते. मी तिला सांगावं का, या विचारात होतो. तीच म्हणाली, "मावसाजी, बाबांची बेरीज कधी चुकली आहे का हो?"

"तुला कधीपासून माहीत?"

"दुसऱ्या यादीपासून." तिनं डोळे पुसले नाहीत, बॅग घेतली. "तुमची यादी आली तेव्हाच ओळखलं, ही बाबांची नाही. पण परफेक्ट म्हटलं नसतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं, आणि म्हटल्यावर मलाही फोनला निमित्त उरलं नाही."

भाऊंना मी शेवटचं पाहिलं ते महाशिवरात्रीनंतर. शोभाला मार्कंड्याचं दर्शन करवून, तिला गडचिरोलीला मावशीकडे सोडून मी एकटा कुरखेड्याला गेलो. ओसरीत टेबल तसंच होतं. वर मच्छरदाणी बांधलेली, चारी कोपरे विटांनी दाबलेले, पाली आणि कोंबड्यांपासून. आत सगळं पोळ्याच्या दिवशी होतं तसं. बांधीतली माती भेगाळली होती, तेवढंच. मी जाळीतून नाक खुपसलं आणि माझ्या पोटाच्या धक्क्यानं एक हत्ती आडवा झाला. भाऊ आत चहा करत होते. मी गुपचूप तो उभा केला.

भाऊ बशी घेऊन आले, एक फेरी मारली, म्हणाले, "हा इथी नव्हता." आणि जाळीखाली हात घालून हत्ती दीड इंच मागे घेतला.

मग गाडीजवळचा झोपलेला माणूस उचलून माझ्या हातावर ठेवला. "हे घेऊन जा. याचे गुण शून्य. हा नसला तरी डावाले फरक पडत नाई."

"आणि पाणीवाली?"

"ते राह्यते," भाऊ म्हणाले.

एसटीची वेळ झाली होती. मी फाटकापर्यंत आलो तेव्हा मागे फोन वाजला. वळून पाहिलं. भाऊ मच्छरदाणीभोवती फिरत होते, एका हातात बशी, फोन टेबलाच्या कडेला, स्पीकरवर.

"बाबा, तुमची पाळी आहे. सहा महिने होत आले."

भाऊंनी खिशात हात घातला. फासा बाहेर काढला, बघितला, परत ठेवला.

"विचार करून राह्यलो, माय," ते म्हणाले. "तू सांग. तिकडं थंडी किती हाये?"